स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ

लिहिण्याचा कोणताही अधिकार नसताना या वयात लेखणी हाती घेते आहे, याबद्दल क्षमा असावी. आज शिवणयंत्र रॉकेलने पुसत होते आणि त्या वासाने मला साठच्या दशकातील बोईसरच्या आमच्या अंगणात नेले.

आमचा जुना ट्रक मनोरहून गवताच्या गासड्या वाहत असे. पुढे वाटेत दगा देऊ नये म्हणून, काही बिघडलेले नसतानाही यजमानांनी त्याचे इंजिन पूर्ण उघडले.

"धावती गाडी खोललीस! चालू नाय झाली तर घर कशावर चालायचं?" मामंजी त्यांना रोज विचारत. आठ दिवस माझ्या परातींत रॉकेलमध्ये बुडालेले सुटे भाग उन्हात चमकत राहिले.

नवव्या दिवशी सकाळी इंजिन सुरू झाले. यजमानांच्या मदतीला आलेल्या मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवले आणि लाकडी मूठ माझ्यापुढे केली.

"वैनी, तुमीच ऐका. आमचे कान हातोड्यानं गेले. आत खडखड हाय काय?"

पदर सावरून मी मूठ कानाला लावली. माहेरी, घिवलीला, ओसरीवर दुपारी समुद्राची ऐकू यायची तशी संथ, अखंड गाज आत होती. यजमानांचे लक्ष इंजिनाकडे नव्हते. ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"खडखड नाही," एवढेच मी म्हणाले. मामंजी गाडीपुढे फोडायला नारळ आणायला आत गेले.

ती गाज किती सुंदर होती, हे मी यजमानांना कधीच सांगितले नाही. तेव्हा त्या संकोचाला मी मर्यादा समजत होते. आता ते नाहीत.

माझ्या जागी तुम्ही असता, तर सांगितले असते का?