कंपाउंडरची सीट, बाईंची सायकल

चार मार्चला वंगणकाकांनी पालिकेच्या सायकल नोंदणी खिडकीवर एक हजार एकशे चाळीस रुपये भरले. साठ टॅगचे चौदाप्रमाणे आठशे चाळीस, तपासायच्या मशीनची अनामत तीनशे. वर पत्र्याची एक पाटी फुकट मिळाली: 'अधिकृत सायकल टॅग केंद्र'. टॅग आणि मशीन काकांनी पिशवीत कोंबलं. पाटी मात्र रस्ताभर छातीशी धरून आणली.

त्याला कारण होतं. एकतीस वर्षं काका दवाखान्याच्या सायकल स्टँडवर, जिन्याखालच्या तिरप्या खोपीत सायकली दुरुस्त करत होते. खोपी अशी, की पाठ सरळ करायची तर बाहेर यावं लागे. आता दवाखान्याला मोडक्या खाटा ठेवायला तीच जागा हवी होती. पण ज्याच्या डोक्यावर पालिकेची पाटी, त्याला उठवता येणार नव्हतं.

"पाटी गेली की मी गेलो," काका घरी म्हणाले.

"आणि तुम्ही तिथून गेलात की दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर बसाल," काकू म्हणाल्या. "तेव्हा सांभाळा हो ती पाटी. माझ्यावर उपकार करा."

टॅग म्हणजे नखाएवढी चपटी चकती. तिच्यात एक नंबर, आणि पालिकेच्या दप्तरात त्या नंबरापुढे मालकाचं नाव. मशीन जवळ नेलं की ते नाव दाखवी. मालकाने चोरीची तक्रार दिलेली असेल, तर मात्र शेपटी दाराच्या फटीत सापडलेल्या मांजरासारखं किंचाळे. जुन्या सायकली विकणाऱ्या दुकानदारांनाही हे मशीन ठेवणं सक्तीचं होतं.

सूचनापत्रकात लिहिलं होतं, टॅग फ्रेमलाच चिकटवावा. काका वाचून हसले.

"म्हणजे चोराने यावं, खरवडावं आणि जावं! यांना काय वाटतं, पत्रक फक्त मीच वाचतो?"

त्यांनी अक्कल लढवली. सीटच्या कव्हराची कड उचलायची, टॅग आतल्या स्पंजला चिकटवायचा, कड पुन्हा बंद. चोर घंटी बघेल, चाकं बघेल. सीटच्या पोटात कोण हात घालतं? महिनाभरात साठही टॅग असे गुडुप झाले.

इथे काकांचा एक जुना खाक्या त्यांच्या आड आला. कुणाची सीट फाटली, बोचली, करकरली, तर ते गिऱ्हाइकाला थांबवत नसत. हाताला येईल ती दुसऱ्याची सीट 'तात्पुरती' बसवून देत. अशा काही तात्पुरत्या सीटा नऊ-नऊ वर्षं फिरत होत्या. सीट हा सायकलचा भाग आहे, हे काकांनी मनातून कधी मानलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ती टोपी. आज याच्या डोक्यावर, उद्या त्याच्या.

एप्रिलमध्ये दवाखान्याचा कंपाउंडर फाटकी सीट घेऊन आला. काकांनी मऊ, नवं कव्हर घातलं. बावीस रुपये झाले.

"पगार झाला की देतो, काका."

"मग सीटही पगार झाला की ने."

त्याच सकाळी समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आपली सीट दगडासारखी लागते म्हणून कुरकुरत होत्या. त्यांचीही सायकल याच स्टँडवर असे. काकांनी कंपाउंडरची मऊ सीट बाईंना दिली आणि बाईंचा दगड कंपाउंडरला. बाई खूश. कंपाउंडर फुकटात सुटला म्हणून खूश. टॅगची आठवण तिघांपैकी एकालाही झाली नाही.

जूनच्या अकरा तारखेला बाजारातून कंपाउंडरची सायकल गेली. त्याने रीतसर तक्रार दिली आणि पायी यायला लागला. घर दोन कोस लांब. तिसऱ्या दिवशी पालिकेचे नोंदणी साहेब तपासणीला स्टँडवर आले. मशीन एकेका सायकलीवरून फिरवत चालले होते. बाईंच्या हिरव्या लेडीज सायकलीशी ते आलं आणि किंचाळलं.

बाई नेमक्या सायकल न्यायलाच आल्या होत्या.

"ही कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी. चौदा वर्षं."

"मशीन म्हणतंय कंपाउंडरची, चोरीला गेलेली."

"मशीनला म्हणावं, उद्या पालकांना घेऊन ये."

गलका ऐकून कंपाउंडर औषधाची बाटली हातात घेऊनच धावत आला. "साहेब, ही माझी नव्हे! माझी काळी होती."

"रंग काय, कसाही देता येतो."

"आणि मधला दांडा? तो काय विरघळला?"

साहेबांनी शेजारची सायकल तपासली. ती पोस्टमनची, पण मशीनने इस्त्रीवाल्याचं नाव दाखवलं. पलीकडची इस्त्रीवाल्याची, तिच्यावर पोस्टमनही नव्हता, भलताच कुणी होता. शेवटी साहेबांनी मशीन स्वतःच्या सायकलीला लावलं. मे महिन्यात काकांनीच तिला तेलपाणी केलं होतं. मशीनने दवाखान्याच्या माळ्याचं नाव दाखवलं.

"म्हणजे मी माळ्याच्या सायकलीवरून माळ्याच्याच दारात आलो?" साहेबांनी मशीन हलवून पाहिलं. "बिघडलंय वाटतं हे. काय हो काका?"

खोपीत बसलेल्या काकांना पहिल्या किंकाळीलाच सगळा उलगडा झाला होता. आता नुसती मान हलवायची होती. मशीन बिघडलं, साहेब परत, पाटी जागेवर. पण मग कंपाउंडरची सायकल कायमची गेली, हेही त्यांना दिसत होतं. तिच्यावर टॅग होता बाईंचा, आणि बाईंनी तक्रार दिलेली नव्हती. कुठल्याही दुकानात ते मशीन बाईंचं नाव दाखवून गप्प बसणार. काकांनी कंपाउंडरच्या चपलांकडे पाहिलं. तीन दिवसांत टाचा झिजल्या होत्या. मग ते खोपीतून बाहेर आले, पाठ सरळ केली आणि सगळं सांगून टाकलं.

साहेबांचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला. "पाटी काढा आधी ती!"

"काढतो. पण त्याआधी बाईंची सायकल चोरीला गेल्याची तक्रार घ्या."

"अहो, सायकल माझ्या हातात आहे," बाई म्हणाल्या.

"सायकल आहे हो. तुमचं नाव चोरीला गेलंय."

बाई खोटं लिहायला तयार होईनात. शेवटी त्यांनी लिहिलं, 'माझ्या नावाचा टॅग माझ्या ताब्यातून नाहीसा झाला आहे', आणि खाली सही केली. पाटीचं उद्या बघू, असं म्हणून साहेब गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब तपासणीला गेले असताना बाजारामागच्या जुन्या सायकलींच्या दुकानात मशीन किंचाळलं. सायकल कंपाउंडरचीच, पण निळी रंगवलेली. घंटी नवी, कॅरिअर नवं. सीट तेवढी तशीच होती. ती काढून घ्यावी असं चोरालाही वाटलं नव्हतं. दुकानदाराने घेताना मशीन लावलं होतं म्हणे, आणि विकणाऱ्याने, "बाई माझ्या आत्या," असं बेधडक ठोकून दिलं होतं. बाईंना आपण चोर ठरल्याचा जेवढा राग आला नव्हता, तेवढा या भाच्याचा आला.

टॅगमुळे सापडलेली पालिकेतली ही पहिली सायकल. तसा अहवाल वर पाठवल्यावर त्याच केंद्राची पाटी काढणं साहेबांना जड गेलं. त्यांनी हुकूम दिला: पंधरा दिवसांत साठही टॅग स्वखर्चाने फ्रेमला चिकटवायचे, सीटांची अदलाबदल कायमची बंद.

काका पिशवी घेऊन दारोदार हिंडले आणि एकोणसाठ टॅग हलवले. साठावा, माळ्याचा, साहेबांच्या सीटच्या पोटात आहे. ती मऊ आहे, साहेब ती सोडत नाहीत आणि विषय निघाला की घड्याळ बघतात. दवाखान्याच्या मोडक्या खाटा गच्चीवर गेल्या. काकूंनी पाटी स्वतः येऊन पुसली.

कंपाउंडरने सायकल मिळाली त्याच दिवशी आपली मऊ सीट परत नेली. त्यानंतर त्याचे चार पगार झाले. कव्हराचे बावीस रुपये अजून यायचे आहेत.