पोपटाची खोड

बायको गेल्यावर सहा महिन्यांनी मी पोपट घ्यायचं ठरवलं. गल्लीत हसले. शेजारी म्हणाला, "आता पोपटासंगं बोलत बसणार व्हय?" मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा अक्कल असती त्याला," आणि दार लावून घेतलं. आत आलो तर घड्याळाची टिकटिक तेवढी चालू होती. पोरबाळ आम्हाला झालं नाही. कोल्हापुरातल्या त्या दोन खोल्या आणि मी. मला घरात माणसाचा आवाज पाहिजे होता, एवढीच गोष्ट. रेडिओ लावून बघितला होता, पण आपण घरात आहोत का मेलोय, ह्याचं रेडिओला काही नसतं.

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! दुसऱ्याच दिवशी स्टँडजवळ एकजण पिंजरे मांडून बसला होता, त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो. "पावणं, नर हाय. कंठी बघा की! कंठीवाला बोलणार म्हंजे बोलणारच. महिन्यात घर डोक्यावर घेतोय का न्हाय बघा." गळ्याभोवती लालकाळी कंठी झकास दिसत होती. घेतला.

चौथ्या दिवशी पितळीत पाणी ठेवलं. पक्षी आत उतरला, पंख फडफडवले आणि पाणी गुलाबी झालं. कंठी रंगवलेली होती. तसाच चपला अडकवून स्टँडवर गेलो, तर तिथं कोण असतंय! मी रिकाम्या फुटपाथला शिव्या घालून परत आलो. ती मादी होती बिचारी, पिल्लूच. तिचा काय दोष? पंधरा दिवसांत तीही गेली. बायकोनं लावलेल्या कढीपत्त्याखाली पुरली.

लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मी हातकणंगले तालुक्यातल्या शेतकऱ्याचा पोरगा. माझा बाप जनावरांच्या बाजारात म्हैस बघायला गेला, की दूध किती, किंमत किती, हे नंतर. पहिला सवाल, "हिची खोड काय?" विकणारा म्हणाला, "खोड? अवो, देवमाणूस हाय म्हैस," की बाप पुढं चालायला लागायचा. आणि कोण म्हणाला, "डाव्या अंगाला बसलं की लाथ मारती," की तिथंच बैठक मारायचा. मला म्हणायचा, "खोड सांगणाऱ्यानंच जनावर सांभाळलेलं असतंय." आणि त्याच बापाचा मी लेक, पक्ष्याला कसली आलीय खोड म्हणून रंगाला भुललो.

मग बरेच रविवार मी लक्ष्मीपुरीच्या बाजारात नुसता हिंडलो. दिसेल त्या पिंजऱ्यापुढं एकच सवाल. एकजात सगळे म्हणायचे, कसलीच खोड न्हाय. मी पुढं. शेवटी एका टोकाला कबुतरं विकणारा म्हातारा भेटला. मागं एक पोपट टांगलेला, मान आखडून बसलेला.

"ह्याची खोड काय?" मी विचारलं.

म्हाताऱ्यानं मान वर करून मला नीट बघितलं. "ह्यो तुमच्या कामाचा न्हाय, पावणं. कानडी बोलतोय. गडहिंग्लजकडच्या एका बाईनं पाळला हुता. बाई गेली. हुबेहूब तिच्या आवाजात बोलतोय, लेकास्नी सोसंना, म्हणून हितं आणून दिला. त्यानंतर दोघांनी नेला आन् दोघांनी परत आणला. मराठी शब्द घेत न्हाय. पिल्लू आलं की सांगतो, तवर दम धरा."

मी म्हटलं, "ह्योच द्या."

माझ्या बायकोचं माहेर त्याच बाजूचं. आईशी, बहिणीशी ती कानडीत बोलायची. फोन लागला की पहिलं वाक्य ठरलेलं. आणि मी आतनं ओरडायचो, "मराठीत बोल की! हितं कोण कानडी हाय?" मला वाटायचं, माझ्याच चुगल्या चालल्यात. हळूहळू ती माझ्यादेखत फोनच करेनाशी झाली. बावीस वर्षांत तिच्या भाषेतला एक शब्द मी तोंडात घेतला नाही. वाईट वागलो मी.

पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. असतं तरी आणला असता, खोटं कशाला बोलू?

तीन दिवस तो मुका. चौथ्या दिवशी भर दुपारी मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो, आणि मागनं बाईमाणसाचा आवाज आला, "ऊटा आतेन्री?"

ताडकन उठून बसलो. हेच ते फोनवरचं पहिलं वाक्य. जेवण झालं का, एवढाच अर्थ, तो मला माहीत होता. मलाही ती रोज विचारायची, मराठीत, "जेवलासा?" मी नुसता हात हलवायचो. आता कुणीतरी विचारत होतं आणि उत्तर काय द्यायचं ते मला येत नव्हतं.

घरातला फोन बायको गेल्यावर मी बंद केला होता, म्हणून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरनं मेहुणीला फोन लावला. उत्तर काय द्यायचं ते विचारलं. ती म्हणाली, "दाजी, आत्ता शिकतायसा व्हय?" मग तिनं सांगितलं, "आतु म्हणायचं. जेवण झालं असलं तर आतु."

घरी आलो. पोपटानं परत विचारलं. शब्द ओठावर होता, पण सकाळपासून मी नुसत्या चहावर होतो, आणि ह्या घरात त्या सवालाला निदान एकदा तरी खरं उत्तर द्यायचं होतं. स्टो पेटवला, भात टाकला. ताट घेऊन बसलो, शीतही टाकलं नाही. हात धुतला, पिंजऱ्यापुढं उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "आतु."

माझी कानडी तिनं कधीच ऐकली नाही.