घोड्यावरचं बाळ मी होते

अन्याय झाला माझ्या आईवर, सोनाबाईवर. झाला गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, मेंढरं कातरायच्या दिवशी, आमच्याच अंगणात, चहा पिता पिता.

दुसऱ्या दिवशी मी आटपाडी सोडणार होते. गावाकडच्या पोरांना अमेरिकेतल्या विद्यापीठाचा अर्ज भरायला मदत करणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेनं मला निवडलं होतं. आईनं मला आठवडाभर मेंढरांजवळ फिरकू दिलं नव्हतं. "कापडास्नी वास लागंल गं. तितं शेजारी कोन बसंल का?" एसटीत बसवतानाही तिनं माझी ओढणी हुंगून बघितली.

त्याच संस्थेची स्वयंसेवक रेवा तेव्हा आमच्याकडं राहायला आली होती. माझ्याच वयाची, पुण्याच्या मोठ्या शाळेतली. तिनं आमचं घोंगडं पांघरून फोटो काढले. वास तिला चालला! आणि आईनं तिला सगळं सांगितलं: मेंढरं घेऊन कोकणात उतरताना पाटणजवळ तान्ह्या मला घोड्यावर, बोचक्यांच्या मधे, कोंबडीच्या पिल्लांशेजारी कसं बांधलं होतं ते. मला हे कधीच सांगितलं नव्हतं.

पुण्यात अर्जासाठी स्वतःबद्दलचा निबंध लिहायची वेळ आली तेव्हा मी फोन केला. आई म्हणाली, "मेंढरांचं नगं लिवू. चांगलं कायतरी लिव." परक्यापुढं आम्ही धुतलेलंच घालतो. मी वक्तृत्व स्पर्धेतल्या ढाली लिहिल्या. रेवाही अर्ज भरत होती, तिनं घोडा लिहिला. विद्यापीठ एकच. ती गेली, मी राहिले.

निबंध तिनं मला आपणहून पाठवला, बदाम लावून: 'काकूंशिवाय शक्यच नव्हतं गं!' आता तिथल्या बर्फातले तिचे फोटो मी रोज बघते. जळते मी. लय जळते. समंजसपणा दाखवायला माझ्याकडं वेळ नाही.

आईला सांगितलं तर ती हरखली. "माजं नाव अमेरिकेला गेलं व्हय!"

"नाव नाही गेलं आई. 'एक धनगर स्त्री' गेली."

ती म्हणाली, "आन तू काय लिवलंतंस माज्याबद्दल?"

"काहीच नाही. तूच नको म्हणालीस."

"व्हय," ती म्हणाली. "मीच म्हनले."

मी आता पुण्यातच कॉलेजात आहे. विद्यार्थ्यांच्या आंदोलनांची पत्रकं लिहिते, हॉस्टेलवर राहते, कपडे मशीनमध्ये धुते. यंदा पुन्हा अर्ज भरतेय, त्याच विद्यापीठाला. पण घोडा लिहिला तर चोर मीच ठरणार! माझं बाळपण तिथं आधीच पोचलंय, दुसरीच्या नावावर. घर म्हणजे काय, असं विचाराल तर माझ्यासाठी आता तो वास आहे, जो आईनं आणि मी मिळून धुऊन काढला.

म्हणून माण-आटपाडीच्या आयांनो, ही माझी मागणी. दारात कुणी वही घेऊन आलं तर भाकरी द्या, अंथरूण द्या. गोष्ट देऊ नका. ती आधी आपल्या पोरीला सांगा. आज सांगा, मेंढरं वाघराच्या जाळीत घातल्यावर, जवळ बसवून. आणि तिला बजावा: हेच लिव. माज्या नावासकट लिव.