अंगठ्याची पेशी

काकांचा उभा जन्म कोर्टाच्या व्हरांड्यात पक्षकारांच्या नावांचा पुकारा करण्यात गेला. आवाज असा, की कोपऱ्यावर चहा पिणारा वादीसुद्धा कप टाकून धावत यायचा. निवृत्तीनंतर साखरेने पाय धरला. उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम काही केल्या भरेना. अंगठा ठेवायचा की काढायचा, हे आता डॉक्टरीणबाई सांगणार होत्या.

"तुमच्या पेशी थकल्यात," त्या म्हणाल्या.

"पेशीला माणूस थकतोच," काका म्हणाले. "पुढची तारीख कधीची?"

त्यांच्या कोर्टात पेशी म्हणजे न्यायाधीशांपुढे उभं राहायचा दिवस. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघू लागल्या. मी शास्त्रात काठावर पास झालेला विद्वान. म्हटलं, "काका, अंगातल्या पेशी. विटांसारख्या. त्यांचंच शरीर बनतं."

"विटा कसल्या!" बाई हसल्या. "जखम झाली की कडेच्या पेशी एकमेकींना हाका मारतात. ज्यांना ऐकू येतं त्या सरकत येतात, खड्डा बुजवतात, आणि जागा भरली की आपणहून थांबतात."

"म्हणजे अक्कल असते त्यांना?"

"असते म्हणणारे आहेत, नाही म्हणणारेही आहेत. आमच्या वॉर्डातल्या काही जणांपेक्षा मात्र नक्की बरी."

काकांना पटलं नाही. "हाकेला ओ देण्यात कसली आलीय अक्कल? खरे हुशार ते, जे आपलं नाव ऐकून मागच्या जिन्याने पसार होतात."

असं म्हणाले खरे, पण घरी आल्यापासून रोज पट्टी सोडून बघायचे. "आल्या का गं?" काकूंना विचारायचे.

"अहो, झाका आधी ते! तुमच्या डोक्यावर कुणी बसून राहिलं असतं, तर तुमच्याकडून तरी झालं असतं का काम?"

काका पट्टी गुंडाळायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काकू आता रागावूनही दमल्या होत्या; नुसता नवा कापूस आणून ठेवायच्या.

पुढच्या खेपेला अंगठा काळा पडलेला होता. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ दाबून पाहिलं.

"मी उघडून बघत होतो म्हणून?" काकांनी विचारलं.

"त्याने भर पडली असेल. पण मुळात तिथवर रक्तच पोचत नाही. हाका चालू असतील, यायला रस्ता नाही. आता काढला नाही, तर उद्या पाय जाईल."

काकांनी सुटलेल्या पट्टीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग म्हणाले, "काढल्यावर उरलेल्या पेशींना कळेल, तो गेला ते?"

"कळेल. अंगठ्याच्या वर रक्त पोचतंय. कडेच्या पेशी सरकतील, जागा बंद करून घेतील."

"त्यांना कुणी सांगायला नको?"

"नको."

काकांनी अंगठ्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

"मग काढा," ते म्हणाले, "आणि यावेळी पट्टी अशी बांधा, की माझ्या हाताने सुटता कामा नये."

काकूंनी खाली वाकून त्यांच्या पायजम्याची कड वर दुमडली.