एक वाजून दहा मिनिटांची नोंद

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम फिरकी घेत आलोय. आता तुम्ही माझी घ्या, चालेल.

मी लातूरला घरघंटी बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत डिझाईनचं काम करतो. नवं मॉडेल आणण्याआधी काही घरांत ट्रायलची मशिन्स ठेवली होती. आत मोबाईलसारखं सिम होतं, त्यामुळे घरघंटी कधी चालली, किती वेळ, आत धान्य होतं की नाही, सगळं माझ्या स्क्रीनवर दिसायचं. त्यावरून लोकांना मशीनबद्दल काय वाटतं, हे मी शोधायचं.

एक मशीन कंधारला आईकडे ठेवलं. बाबा गेल्यापासून ती एकटीच. बसवताना मी कौतुकानं सांगितलं, की तू बटन दाबलंस की मला लातुरात कळतं.

ज्वारीचं दळण आठवड्यातून एकदा. पण रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी घरघंटी मिनिटभर रिकामीच चालायची. मी शहाण्यासारखं रिपोर्टमध्ये लिहिलं – ग्राहकाला मशीनचा भरवसा नाही, रोज चालू करून बघतो. आणि आईला फोन करून सांगितलं, रिकामी चालवू नको, मोटार खराब होते.

"व्हय का? मग न्हाई लावत," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती नोंद बंद. माझा डेटा स्वच्छ झाला, मला बरं वाटलं.

दोन महिन्यांनी आई गेली. झोपेतच. शेजारच्या सुमनकाकूंना कळलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. अख्खा दिवस ती तशीच... आणि मी इथे आकडे बघत बसलो होतो.

सुतकात घरात दळण नको म्हणून घरघंटीचा प्लग मीच काढला. पीठ काकूंकडून यायचं. तेराव्याला त्या जवळ येऊन बसल्या.

"तुला तिथं दिसतंय म्हून लावायची रे ती. 'पोरगं आता डबा उघडत असंल, आई हाय एवढं कळू दे त्याला', म्हणायची. तू नको म्हणलास, तवापासून बंद केलं."



घराला कुलूप लावलं, मेन स्विचही बंद केला, किल्ली घेऊन लातूरला आलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा उघडला आणि स्क्रीनवर ओळ आली. कंधार. एक वाजून दहा. रिकामी. एक मिनिट.

मशीनला बॅटरी नाही. जुनी नोंद अडकून उशिरा आली असेल म्हणून सर्व्हरवाल्याकडून दोनदा तपासून घेतलं... मोटार त्याच वेळी चालली होती, म्हणाला. तसाच कंधारला गेलो. कुलूप जागेवर, प्लगची वायर मी गुंडाळून ठेवली होती तशीच.

त्यानंतर पुन्हा कधीच नाही. ती ओळ मी खोडलेली नाही. तिच्यापुढचा 'कारण' हा रकाना अजून कोरा आहे. डबा मात्र मी एक वाजून दहा मिनिटं झाल्याशिवाय उघडत नाही.