डसणारं प्रवाळ
प्रवाळांच्या जाड पुस्तकाला अजून आम्ही घरात प्रवाळं वाढवायचो त्या काचेच्या टँकच्या खाऱ्या पाण्याचा वास येतो आणि परदेशातल्या आमच्या टार्निट उपनगरातला लॉकडाउन आठवतो. नवऱ्याच्या मित्राने एक नवं प्रवाळ दारात आणून ठेवलं होतं. दोन दिवस भिंगातून बघून, पुस्तकातल्या फोटोंशी ताडून मी नवऱ्याला सांगितलं, "हे शेजारच्या प्रवाळाला डसतं, लांब ठेव." व्हिडिओ कॉलवरून मित्र म्हणाला, "वहिनी, पुस्तक वाचून टँक चालत नाही." नवरा हसला आणि त्याने ते माझ्या जांभळ्या प्रवाळाला खेटूनच ठेवलं. आठवड्यात जांभळं पांढरंफटक पडून मेलं. पुढच्या कॉलवर नवऱ्याने पुस्तकातलं मी ताडून पाहिलेलं तेच पान कॅमेऱ्यासमोर धरलं. "बघ, डसणारं आहे ते. मी शोधून काढलं." मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते. प्रवाळाचं दुःख कधीच ओसरलं, त्या 'मी'चा राग मात्र अजून येतो.