पाणगिरणीच्या नाचातला डावा हात

शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९८६. दिवसभर धुकं. डोरीनकडे जॅमच्या दोन बरण्या पोचवल्या. सहा वाजता चर्चच्या हॉलमध्ये नाचाचा सराव. क्लिफर्डने पाणगिरणीच्या नाचाचा विषय काढला.

विषय निघणार हे मोनिकाला ठाऊक होतंच. गेल्या शनिवारी शेजारच्या गावाबरोबर पहिल्यांदाच तो नाच केला आणि सगळा विचका झाला. समोरासमोर दोन रांगा. पहिल्याच ठेक्याला जोडीदाराचा हात धरून फिरायचं. त्यांनी उजवा पुढे केला, यांनी डावा.

"माझं नाक त्यांच्या खाटकाच्या छातीवर आपटलं," डोरीन म्हणाली. "इतकं जवळ तर आमच्या ह्यांनीही कित्येक वर्षांत घेतलेलं नाही."

हॉल हसला. क्लिफर्ड हसला नाही. मार्चमध्ये मोनिकाचा नवरा ऑस्टिन गेला, तेव्हापासून नाच शिकवायचं काम त्याच्याकडे आलं होतं. माणूस गावात नवा, पण मनापासून करणारा. तो मोनिकाकडे वळला.

"मिसेस एकल्स्टन, छापील पुस्तकात उजवा हात आहे. ऑस्टिन सांगायचे, डाव्या हाताची चाल त्याहून जुनी, त्यांच्या आजोळची. तसं असेल तर आपण ती सोडायची नाही, शेजाऱ्यांनी शिकावी. तुम्हाला काय माहीत आहे?"

मोनिकाला सगळंच माहीत होतं. आठ वर्षांपूर्वीच्या पक्षाघाताच्या झटक्यानंतर ऑस्टिनच्या उजव्या हाताची बोटं मिटेनात. तीन आठवडे दोघं स्वयंपाकघरात, खुर्च्यांना जोड्या मानून, नाच नव्याने बसवत होती. डाव्या हाताने फिरलं की तोंड उलट्या दिशेला व्हायचं. म्हणून तिने मध्ये चार ठेक्यांची गिरकी घातली. आजोळची गोष्ट त्याने मागाहून जोडली. कुणी कीव केलेली त्याला खपत नसे. ती नुसती गप्प राहिली होती, आणि गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं स्वतःला समजावत आली होती. आज मात्र तिला सरळ विचारलं होतं. एका होकारावर ती चाल टिकली असती.

"जुनी नाही," ती म्हणाली. "आमच्या घरची आहे. त्याचा उजवा हात चालत नव्हता."

डोरीन हळूच म्हणाली, "अगं, दिसत होतं आम्हाला. आंधळे होतो का आम्ही?"

"मग..." क्लिफर्डने सुरुवात केली.

"मग उजवा," मोनिकाच म्हणाली.

अकॉर्डियन सुरू झालं. पुरुष कमी, म्हणून डोरीन त्यांच्या रांगेत, मोनिकाच्या समोर. मोनिकाचा डावा हात आपोआप वर गेला. डोरीन उजवा पुढे करून थांबली; एक ठेका गेला, दुसरा गेला. मोनिकाने डावा खाली घेतला. उजव्याने फिरल्यावर तोंड आपसूक बरोबर दिशेला आलं. गिरकीची गरजच पडली नाही.

घरी येऊन तिने रोजनिशीच्या वहीत सगळं लिहिलं, आणि खाली: मटारचं सूप उरलं आहे, उद्या दुपारी पुरेल.